गुळवेलीचं सत्त्व आणि ओतून द्यायचं पाणी

गुळवेलीचं सत्त्व घरी काढायचं ठरलं ते आईच्या तळपायांमुळे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिच्या पायांची आग सुरू व्हायची. कधी बादलीत पाय बुडवून बसायची, कधी काशाच्या वाटीने तूप चोळून घ्यायची. डॉक्टरांनी साखर तपासली, बी-ट्वेल्व्ह तपासलं, थायरॉईड पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग वैद्यकाकांकडे गेलो. काका वडलांचे जुने स्नेही, रायगडमधल्या सुधागड तालुक्यात जन्मभर वैद्यकी केलेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोपेचं आणि चहाचं खोदून खोदून विचारलं आणि औषध सांगितलं ते अगदी साधं: गुळवेल सत्त्व, प्रवाळ पिष्टी म्हणजे पोवळ्याची घोटलेली भुकटी, खडीसाखर आणि तूप. वर एक वाक्य जोडलं, ‘सत्त्व खरं मिळालं तर.’

या ‘तर’मागे साधा हिशेब आहे. ओली वेल किलोंनी कुटायची तेव्हा हातात सत्त्व येतं चमच्यांनी. शंभर किलो वेलीतून दोन-तीन किलो मिळालं तर चांगलं समजायचं. तोडणी, कुटणी, गाळणी, वाळवण हे सगळं हाताचं काम. इतकं करून कुणी सत्त्व मातीमोल भावाने विकत असेल तर त्यात मक्याचं, बटाट्याचं नाहीतर अरारुटाचं पीठ असणार हे सांगायला वैद्य लागत नाही.

भेसळ ओळखायची कशी, हा माझा पुढचा प्रश्न. शाळेत शिकलेलं आठवत होतं: आयोडीनचा थेंब टाकला की स्टार्च निळं-काळं होतं. काका हसले. गुळवेल सत्त्व हेच मुळात स्टार्च. खरं सत्त्वही निळं होणार, अरारूटही निळं होणार. प्रत्येक वनस्पतीच्या पिष्टकणांचा आकार वेगळा असतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो. पण घरात आयोडीनसाठी जखमेच्या औषधाची बाटली घेऊन बसण्यात अर्थ नाही. हे ऐकून मी जरा गडबडलेच. ज्याला आपण ‘सत्त्व’ म्हणून चिमटीने घेतो, तुपात कालवतो, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने पीठ? मग औषध कुठे असतं? हा प्रश्न मला सगळं होईपर्यंत पुरला.

काकांनी तेव्हा उत्तर दिलं नाही. ‘एकदा काढून बघ,’ एवढंच म्हणाले.

वेल कधी तोडायची याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. भर पावसात गुळवेल हिरवीगार, पाणीदार असते. तेव्हा कांडाला रस फार आणि पीठ कमी. थंडी सरता सरता पानं गळतात, वेल नुसती दोरखंडासारखी झाडावर लोंबत राहते, तेव्हा तिने साठवलेलं सगळं कांडात असतं. नवी पालवी फुटली की ती शिदोरी खर्ची पडते. कुणी वैशाखातही काढतात, पण आमच्याकडच्या उकाड्यात भिजवलेला लगदा रातोरात आंबतो. म्हणून फेब्रुवारीचा शेवट ठरला.

अडचण अशी की पान नसताना गुळवेल ओळखायची कशी. बदामाच्या आकाराचं ते पान हीच तर तिची सोपी खूण. काकांनी ही सोय आधीच करून ठेवली होती. पावसाळ्यात, वेलीला पान असताना, खात्री करून फांदीला चिंध्या बांधल्या होत्या. गुळवेलीची एक बहीण सह्याद्रीत आढळते, तिच्या पानाला खालच्या बाजूने लव असते. ती घ्यायची नव्हती. आणखी एक नातलग आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या कांडावर गाठीगाठी असतात आणि चिरलं की दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीला, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाला, चीक नाही. वरची साल कागदासारखी पातळ, तपकिरी. नखाने खरवडली की सुटते आणि खाली हिरवं अंग दिसतं. कांड आडवं कापलं तर आत चाकाचे आरे असावेत तशी नक्षी. ती नक्षी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कोयता बाजूला ठेवून नुसती बघत बसले होते.

कोणत्या झाडावरची वेल, यालाही महत्त्व. कडुनिंबावरची गुळवेल उत्तम असं सगळे सांगतात, पण कोकणाच्या पावसात कडुनिंब फारसा रमत नाही. आमच्याकडची चिंधी बांधलेली वेल आंब्यावर होती. काकांना ती चालत होती. काजऱ्यावरची मात्र त्यांना मुळीच नको होती. काजऱ्याच्या बिया विषारी; वेल त्या झाडाचे गुण उचलते अशी जुनी समजूत. गुळवेल काही बांडगूळ नाही, ती मुळं जमिनीत ठेवून झाडाचा नुसता आधार घेते, तेव्हा विष तिच्यात कसं उतरेल, असं मी विचारलं. काका म्हणाले, ‘उतरत नसेलही. पण पन्नास पावलांवर आंबा असताना काजरा कशाला?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तोडायला वाडीवरच्या मावशी आल्या. त्या कातकरी, रानातलं त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरकडे, कातकरी तरुणांनी वनधन केंद्र काढून गुळवेल मोठ्या औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली होती, ती बातमीही मला मावशींकडून कळली. त्यांचा कुणी भाचा तिकडे होता. मी बारीक हिरव्या वेलीला हात घातला तर म्हणाल्या, ‘ताई, ती नका घेऊ, कवळी हाय. नुसता चिकटा निघंल.’ अंगठ्याएवढी जाड आणि त्याहून जाड तेवढीच घ्यायची. बुंध्याकडचा भाग त्यांनी राखला. वरचा लोंबता राहिलेला तुकडाही मरत नाही. तो हवेतून मुळाचे दोरे सोडतो, ते जमिनीला टेकले की पुन्हा वेल सुरू. म्हणून गुळवेल तोडताना मन खात नाही. तरीही कोरोनाच्या काळात लोकांनी तिचे असे हाल केले होते की रस्त्याकडेच्या झाडांवर नावाला वेल उरली नव्हती, हे मावशींनी दोनदा सांगितलं.

पाच किलोंच्या आसपास वेल घरी आली. घरी आल्या आल्या कामाला लागायचं, कारण गुळवेल ओलीच वापरायची. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अशा सदैव ताज्या घ्यायच्या द्रव्यांची यादी आहे. गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा वगैरे. एरवी सुक्याऐवजी ओली वनस्पती घेतली तर ती दुप्पट घ्यायची असा नियम. या यादीला तो लागू नाही. काकांना हे श्लोक पाठ, आणि मधूनमधून म्हणून दाखवायचा सोस. मी साल खरवडत होते, ते यादी म्हणत होते.

साल काढून, धुऊन, बोटभर लांबीचे तुकडे केले. पुढचं काम कुटण्याचं. मिक्सरचा मोह झाला, पण गुळवेलीचे धागे पात्याला गुंडाळतात आणि बुळबुळीत फेस झाकणातून वर येतो. पाटा-वरवंट्यावर तुकडे नुसते चेचले. पीठ करायचं नसतं. धागे मोकळे होऊन आतला गर उघडा पडला की पुरे. हाताला लिबलिबीत लागतं, वास कच्चा, थोडा मातकट, आणि कडवटपणा इतका की चुकून ओठाला बोट लागलं तर चहाची चव बिघडते. दुपार सरली तेव्हा मनगटं बोलायला लागली होती. मावशी मात्र पाट्यावर वरवंटा मारत गप्पा हाकत होत्या.

चेचलेल्या वेलीच्या चौपट पाणी. स्टीलचं मोठं पातेलं घेतलं. मातीचं असतं तर उत्तम, कल्हईचंही चालतं, लोखंडाला काकांचा मज्जाव. रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी हात घालून कुस्करायला बसलो. इथे घाई करून चालत नाही. धागे पिळायचे, पुन्हा पाण्यात सोडायचे, पुन्हा पिळायचे. पाणी गढूळ, हिरवट-पिवळं होत जातं, वर फेसाचा थर धरतो. चोथा हातात नुसता तागासारखा कोरडा लागला की त्यातलं निघालं म्हणायचं. मग पंचाची चौपदरी घडी करून गाळलं. पंचा सैल विणीचा असेल तर बारीक तूस खाली जातं आणि शेवटी सत्त्वात कचकच लागते, म्हणून दुसऱ्यांदा मलमलीतून गाळलं.

गाळलेलं पाणी न हलवता ठेवायचं. काही तास. वेळेचं गणित हवेवर अवलंबून; थंडी असेल तर दुपारपर्यंत ठेवता येतं, उकडत असेल तर पाण्याला आंबूस वास यायच्या आत ओतायला हवं. तळाशी हळूहळू साका बसतो. पातेलं तिरकं करून वरची निवळ अलगद ओतायची, धार जाडी होऊ द्यायची नाही, नाहीतर साका ढवळून वर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागते.

पहिल्यांदा तळ दिसला तेव्हा मला वाटलं काहीतरी बिनसलं. पांढरंशुभ्र काही नव्हतंच. राखाडी, हिरवट झाक असलेला, गुळगुळीत चिखल. वर तपकिरी साय. मावशींना मात्र त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्या हाताला तवकीर काढायची सवय. कंद किसायचे, पाण्यात धुवायचे, साका बसू द्यायचा, पाणी ओतायचं, नवं घालायचं, असं करत करत तवकीर कापसासारखी पांढरी होते आणि कंदाचा उग्रपणा जातो. तीच रीत त्यांनी इथे लावली. ताजं पाणी घाला, ढवळा, बसू द्या, ओता. ‘चार-पाच पाणी काढलं का कशी चांदणी व्हईल बघा.’

आणि इथे काका आणि मावशींची जुंपली.

काकांचं म्हणणं: जे पाणी ओतून देताय त्यातच कडवटपणा आहे आणि कडवटपणातच गुळवेल आहे. त्यांनी मला ओतायच्या पाण्याचा घोट घ्यायला लावला. कडू! पिवळसर, स्वच्छ, आणि जिभेच्या मुळापर्यंत कडू. ठेचलेली वनस्पती रात्रभर थंड पाण्यात ठेवून गाळली की आयुर्वेदात त्याला हिम किंवा शीतकषाय म्हणतात. तिथे सहापट पाणी घेतात, इथे चौपट होतं, फरक तेवढाच. म्हणजे ज्याला आपण सत्त्व काढताना फेकायचं पाणी म्हणतो ते खरं तर एक तयार औषधच. गुळवेलीतली कडू द्रव्यं पाण्यात विरघळतात. पीठ थंड पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी बसतं. जितकं धुवाल तितकं पीठ शुद्ध होत जाईल आणि गुळवेल मोरीत जात राहील.

मावशींचं म्हणणं एका वाक्यात होतं: ‘मग काळं-निळं कोण खाणार?’

मला दोघांचंही पटत होतं, म्हणून साक्याचे तीन भाग केले. एकाला एकच पाणी, वरची तपकिरी साय सुरीने काढून टाकून तसाच परातीत पसरला. दुसऱ्याला आणखी एक पाणी दिलं. तिसरा मावशींच्या स्वाधीन केला आणि त्यांनी तो मन भरेपर्यंत धुतला. तिन्ही पराती पंचा बांधून गच्चीत ठेवल्या. पंचा धुळीसाठी कमी आणि वाऱ्यासाठी जास्त; साका सुकताना तडे जाऊन पापड्या होतात आणि मग एवढीशी झुळूकसुद्धा ते उडवून नेते. उन्हात सुकवायचं की सावलीत, यावरही वाद आहेत. आम्ही सकाळचं ऊन दिलं आणि दुपारी आत घेतलं. लवकर सुकणं महत्त्वाचं, ओल राहिली की वास धरतो, बुरशी येते.

सुकलेल्या पापड्या खलात घोटल्या. तिन्ही मिळून शंभर ग्रॅमच्या थोडं पुढे भरलं. पाच किलो वेलीला हे ठीकच म्हणायचं, काकांनीही मान डोलावली. आता तीन बरण्या ओळीने ठेवल्या तेव्हा कुणी न सांगता ओळखता येत होत्या. पहिली राखेच्या रंगाची, जिभेवर ठेवली की आधी पिठूळ आणि मग सरळ कडू, दाताखाली थोडी कचकच. दुसरी मळकट पांढरी, कडवटपणा उशिरा येणारा, गिळल्यानंतर कळणारा. तिसरी पांढरीफेक, बोटांत दाबली की करकरणारी, आणि चवीला काहीच नाही. डोळे मिटून मला कुणी तिसरी आणि बाजारातलं अरारूट दिलं असतं तर मी ओळखलं नसतं.

काका पहिली बरणी उचलतील अशी माझी खात्री होती. त्यांनी दुसरी उचलली.

पहिलीत वेलीचे बारीक धागे आणि चिकटा राहिला होता. ती पावसाळ्यात टिकायची नाही, शिवाय आईच्या पोटाला जड. तिसरी चुकीची नाही, असंही ते म्हणाले, आणि हे ऐकून मावशींची मान उंचावली. इथे एक गुंता आहे जो मला आवडला. गुळवेल चवीला कडू आणि तुरट, विपाकात म्हणजे पचल्यानंतर मधुर, पण वीर्याने म्हणजे शरीरावरच्या परिणामाने उष्ण. असं असूनही सत्त्व वापरतात ते पित्तावर, दाहावर, थंडावा देणारं म्हणून. कामदुधा रस या पित्तावरच्या औषधात मोती, प्रवाळ, शंख, कवडी, शिंपला, गेरू यांच्या बरोबरीने गुळवेल सत्त्व पडतं. सगळी दाह शमवणारी मंडळी. म्हणजे पाण्याने धुऊन वेलीतला उष्ण, तीक्ष्ण भाग काढून टाकणं हे कदाचित सत्त्व करण्यामागचं गणितच असावं. असं मानणारे वैद्य सत्त्व जितकं पांढरं तितकं चांगलं म्हणतात. काकांची पिढी जिभेवर शेवटी कडू लागलं पाहिजे असं म्हणते. ‘कडू लागलं तर निदान मक्याचं नाही एवढं तरी कळतं,’ ही त्यांची पुस्ती. माझं मत विचाराल तर काकांच्या बाजूला झुकतं, पण त्यात परीक्षेची सोय हा भाग मोठा आहे हे मी नाकारत नाही.

ओतलेलं पाणी आम्ही फेकलं नव्हतं. पहिलं, सगळ्यात कडू, ते काकांनी बाजूला ठेवायला लावलं होतं. वैद्यांकडे मिळणारी साधी संशमनी वटी म्हणजे दुसरं काही नाही, गुळवेलीचा काढा आटवून केलेला घन आणि त्याच्या गोळ्या. आम्ही त्या निवळीतच चोथा घालून उकळलं, गाळलं आणि मंद आचेवर आटवायला ठेवलं. सुरुवातीला काहीच घडत नाही, नुसता कडू वास घरभर. शेवटच्या टप्प्यात मात्र पळी सोडून हलता येत नाही. काकवीसारखं दाट, काळपट तपकिरी होतं, बुडाला धरायला बघतं आणि धरलं की करपट वास सगळ्या घनाला लागतो. ताटाला तूप लावून पसरलं, पुढे उन्हात ठेवलं, गोळ्या वळल्या. त्यातली एक चघळून पाहिली. सत्त्वाच्या तिन्ही बरण्या एकीकडे आणि ही गोळी एकीकडे. माझ्या ‘औषध कुठे असतं’ या प्रश्नाला ती गोळी बऱ्यापैकी उत्तर होती.

म्हणूनच तापाला सत्त्व देऊन चालत नाही असं काका म्हणतात. ज्वराला काढा हवा किंवा ताजा रस. काढ्याचं प्रमाण ग्रंथात वनस्पतीच्या सोळापट पाणी आणि आटवून आठवा हिस्सा असं आहे. घरोघरी जे चार पानं टाकून एक उकळी काढतात ते गरम पाणी. जुनाट तापाला अमृतारिष्ट देतात, वातरक्ताला म्हणजे गाउटसारख्या सांध्यांच्या दुखण्याला कैशोर गुग्गुळ, त्यातही गुळवेल आहेच. चरकाने बुद्धीसाठीची जी चार रसायनं सांगितली त्यात मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमध, शंखपुष्पीचा कल्क आणि गुळवेलीचा रस. तिथेही रस, सत्त्व नाही. एकाच वेलीची ही रूपं एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, हे मला पुस्तकापेक्षा त्या पातेल्यांनी जास्त नीट शिकवलं.

गुळवेल कशाबरोबर घ्यायची याचा एक श्लोक धन्वंतरी निघंटू या औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशात आहे. तुपाबरोबर वातावर, गुळाबरोबर मलावरोधावर, साखरेबरोबर पित्तावर, मधाबरोबर कफावर, एरंडेलाबरोबर वातरक्तावर आणि सुंठीबरोबर आमवातावर. आईला खडीसाखर आणि तूप का, ते या ओळीत बसतं. काकांनी अगदी थोडं सांगितलं, चिमूट-दोन चिमूट, आणि महिन्याभराने दाखवायला या म्हणाले. मी विचारलं, पुढे चालू ठेवायचं का? तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

कोरोनात लोक सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा प्यायले, कित्येक महिने, कुणाला न विचारता. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला, वेल नीट ओळखलेली नाही असं म्हटलं, आणि 2022 मध्ये गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा यांच्यात गल्लत करू नका, कॉर्डिफोलियाच वापरा असं पत्रक काढलं. तज्ज्ञ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, पुढे अनेक केंद्रांतले रुग्ण मिळून आणखी मोठी नोंदही आली. काका मंत्रालयाची बाजू घेतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, ‘अगं, वेल खरी असली तरी माणूस कसा आहे ते बघायला नको?’ ज्यांना स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारे आजार आहेत, ज्यांचं यकृत आधीच अधू आहे, अशांना ते गुळवेल देतच नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते म्हणून आधी विचारतात. गरोदर बाईला देत नाहीत. आईच्या यकृताच्या तपासण्या त्यांनी सत्त्व सुरू करण्याआधीच मागवल्या होत्या, ते मला तेव्हा लक्षात आलं. मला वाटतं, ‘नैसर्गिक आहे, घ्या’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘विष आहे’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही एवढी तसदी घ्यायला हवी होती.

आईचं काय झालं? आग कमी झाली. तिला रात्री सलग झोप लागायला लागली. पण त्याच महिन्यात काकांनी तिचा दुपारचा चहा बंद केला होता, लोणचं आणि आंबवलेलं बंद केलं होतं, आणि ती रोज तळपायांना तूप चोळून घेत होती. यातलं किती सत्त्वाचं, किती चहाचं, हे वेगळं काढायची काही सोय नाही. आई सगळं श्रेय सत्त्वाला देते, कारण त्याच्यासाठी लेकीने मनगटं दुखवून घेतली. काकांनी महिन्याभराने सत्त्व थांबवलं. पुन्हा त्रास झाला तर बघू म्हणाले.

संशमनीच्या गोळ्या त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतल्या, मला दिल्या नाहीत. पहिली बरणी त्यांच्या दवाखान्यात शिकायला येणाऱ्या मुलांना चव दाखवायला गेली. तिसरी मावशींना हवी होती. त्यांना मी पुन्हा पुन्हा सांगितलं की ही जपून, चिमटीने घ्यायची, औषध आहे. त्यांनी बोटाने चाटून बघितलं आणि मला म्हणाल्या, ‘ताई, हिच्यात आता औषध कुठं ऱ्हायलंय? दुधात शिजवून नातवाला देते.’